ती आल्यावर कुठे बसेल?

गुरुजी, आपली शाळा बंद झाली, हे आधी सांगून टाकते, नाहीतर बाकीचं सगळं लिहून होईल आणि तेवढंच राहून जाईल. होळीला पाड्यावर गेले होते तेव्हा पाहिलं. दाराला कुलूप, ओट्यावर कुणाच्या तरी शेळ्या, आणि तुम्ही लावलेला शेवगा मात्र शेंगांनी लगडलेला. मुलं कमी म्हणून ती नदीपलीकडच्या शाळेला जोडून टाकली. पावसाळ्यात ती नदी कशी असते ते तुम्हाला मी काय सांगू. एकदा तुमची चप्पल तिच्यात वाहून गेली आणि आठवडाभर तुम्ही आम्हाला अनवाणी शिकवलंत. तुम्ही जव्हारचे, घरची शेती, चांगलं कौलारू घर. सोमवारी एसटीनं मोखाडा, तिथून जीप, मग पायी, आणि शनिवारपर्यंत शाळेच्याच खोलीत मुक्काम. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं बोलणं अजून संपत नाही.

आमच्या घरी जमीन नव्हती. दिवाळी झाली की मुकादम ट्रक आणायचा आणि अर्धा पाडा पोरं, भांडी, कोंबड्या घेऊन वीटभट्टीवर जायचा. शाळेत बसायला तुम्ही तांदळाची गोणपाटं कापून बस्करं केली होती, दाभणानं कडा शिवलेली, प्रत्येकाचा दोरा वेगळा. माझा हिरवा. माझ्या चुलत बहिणीचा लाल, आणि मला तो लालच हवा होता. एका वर्षी आई आजारी म्हणून आम्ही मागे राहिलो, त्यांचा ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी मी सरळ तिच्या बस्करावर जाऊन बसले. तुम्ही कोपऱ्यातल्या चुलीवर चहा उकळत होता. तुमचा चहा म्हणजे काढाच, दूध मिळालं तरी त्याची चव काही सुधारत नसे. तिथूनच, मागे न बघता म्हणालात, "ऊठ."

"ती नाय येत आता, गुरुजी. होळीलाच येल."

"येईल ना? मग आल्यावर कुठे बसेल?"

"माझे बस्करावर."

"तिला तिची जागा आहे. ऊठ."

मी भोकाड पसरलं. दुपारी तुम्ही हातावर गुळाचा खडा ठेवलात, पण लाल बस्कर काही दिलं नाहीत. रोज सकाळी तुम्ही सगळी बस्करं अंथरायचात, गेलेल्यांचीसुद्धा. एकदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, ही रिकामी कशाला पसरलीत, उगाच जागा अडते. "मुलं आहेत त्यांच्यावर," तुम्ही म्हणालात, "सध्या भट्टीवर गेलीत." जणू ती पाणी प्यायला बाहेर गेली होती. होळीला बहीण परतली, हातांना चिखलानं भेगा पडलेल्या, केस मातकट, आणि कुणाला काही न विचारता लाल बस्करावर जाऊन बसली. पुढच्या वर्षी आम्हीही गेलो, आणि आल्यावर मीही तशीच बसले. नंतर मला पुष्कळ ठिकाणी जागा मिळाली, गुरुजी, पण प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागलं. चौथीनंतर तुम्ही माझं नाव जव्हारच्या आश्रमशाळेत घातलंत. तिचंही घालणार होता, पण तिच्या पाठच्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

आता मी काय करते ते ऐकलंत तर हसाल. खाली, रेल्वेच्या पट्ट्यात, जिथे माझ्या लहानपणी भाताची खाचरं होती तिथे आता उंच इमारती उभ्या राहतायत. त्यांत राहणारी माणसं सकाळी कुलूप लावून मुंबईकडे जातात आणि अंधार पडल्यावर येतात. त्यांच्या मुलांना शाळेत किती जागा लागतील, किती खोल्या बांधायच्या, हे आधीच ठरवून ठेवणं पालिकेतलं माझं काम. एवढ्या घरांमागे एवढी मुलं, असा आमचा हिशेब असतो. तो नेहमी कमी पडतो. भिंतींचा रंग वाळायच्या आत खोल्या भरतात. मीही त्यातल्याच एका इमारतीत राहते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अशाच एका जागेची पाहणी करायला गेले. इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या, बाहेर चूल, आणि चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेली माझी बहीण. माझ्याच वयाची, पण मला पटकन ओळख पटली नाही, याची लाज वाटली. तिनं मला खाली बसवलं, भाकरी आणि सुकटाची चटणी हातावर दिली. तिची धाकटी पोर वाळूच्या ढिगावर खेळत होती, माझ्या मुलीएवढीच. "बाय, तू शाळंच्या जागा ठरवतेस म्हणं?" बहीण म्हणाली. "मग माझे पोरीची एक ठेव ना. तठं पाड्यावं शाळा नाय राहिली, अठं कोणी घेत नाय."

आमच्या हिशेबात पत्र्याच्या खोल्या येतच नाहीत. बैठकीत मी विषय काढला तेव्हा वरिष्ठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ते मजूर. इमारत झाली की जातील." "जातील, पण पुन्हा येतील. आल्यावर कुठे बसतील?" मी म्हटलं. माझ्या तोंडून तुम्ही बोलत होता, गुरुजी, आणि मला फार अभिमान वाटत होता. नव्या शाळेतली एक खोली त्या मुलांसाठी मंजूर झाली. होळीला, सणापुरत्या पाड्यावर आलेल्या बहिणीला हे सांगितलं, तेव्हा तिनं पोरीला बंद शाळेच्या ओट्यावरून हाक मारली आणि माझ्या पायाशी उभं केलं. पोर लाजून पळाली.

पण इमारत पावसाळ्याआधीच पुरी झाली. पत्रे निघाले, मुकादम माणसं घेऊन भिवंडीकडे कुठेतरी गेला. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमाराला त्या जागेवर बाग होती आणि शाळेच्या दारात रांग. ती खोली राखून ठेवा म्हणून मी सांगायला गेले. मुख्याध्यापिका भल्या आहेत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "रांग बघा, मॅडम. रिकामी खोली दाखवून कुणाकुणाला परत पाठवू?" मी रांगेकडे बघितलं. वाईट माणसं नव्हती ती. तीही जागा शोधतच कुठून कुठून इथवर आलेली. त्या रांगेत माझा नवरा आमच्या मुलीचा हात धरून उभा होता. घराजवळची शाळा, नवी इमारत, आणि मीच घरी तिचं कौतुक सांगितलेलं. संध्याकाळपर्यंत खोली भरली. आमची मुलगी तिथेच आहे. अधिकारी असून मुलीला पालिकेच्या शाळेत घातलं म्हणून लोक माझी वाहवा करतात, आणि मी ती ऐकून घेते.

परवा बहिणीचा फोन आला. मुकादमानं पुन्हा इकडचं काम धरलंय, आमच्या शेजारच्याच जागेवर. "पोरीला दप्तर घेतलंय," ती म्हणाली. "जागा ठेवलीस ना, बाय?" मी नुसतं "ये तू" म्हटलं. नियमानं शाळेला नाव कुणाचंच नाकारता येत नाही. पण खोलीत मावत नाही म्हटलं की मूल हायवेपलीकडच्या शाळेत पाठवतात. तो हायवे मोठ्यांनाही धड ओलांडता येत नाही. ती पोर चार दिवस जाईल आणि मग आईबरोबर कामावर राहील, हे मला इथे बसून दिसतंय.

आज सकाळी त्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिले. एकेका बाकावर दाटीवाटीनं मुलं. माझ्या मुलीनं मला पाहिलं, बाकावर हात थोपटला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, बघ, ही माझी जागा!" मला खरंच आनंद झाला. तिथून कार्यालयात येऊन दार लावून घेतलं आणि रडले.

हे पत्र पाठवायला तुम्ही नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं. तुम्ही चहा ढवळत, मागे न बघता एकच शब्द म्हणाला असता, "ऊठ." आमच्या मुलीला दुसरी शाळा मिळेल, आम्ही कुठेही पैसे भरू शकतो, हे मला ठाऊक आहे. तरी तो शब्द माझ्या मुलीला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.