ठकीचा डावा डोळा

३ मार्च

ती. दादास, साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. परवा तुम्ही इथून निघताना मी तुला सांगितलं की तुझ्या ठकीचे डोळे चष्म्याचा नंबर सोडला तर उत्तम आहेत. ते मागे घेते.

आमच्या विभागाची एक पद्धत आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो आधी डॉक्टरने बघून मत लिहायचं, मगच एआयचं मत उघडायचं, म्हणजे कुणी कुणाची नक्कल करत नाही. मी ‘उत्तम’ लिहिलं. तुम्ही गेल्यावर एआयचं मत उघडलं, तर त्याने डाव्या डोळ्यात खाली कडेला खूण करून ठेवली होती. उणे अकरा नंबरचा डोळा लांबट झालेला असतो, पडदा ताणला जाऊन कडेला विरतो. तिथे बारीक भोक असावं. तिला लगेच परत घेऊन ये. तोवर लांब उडीचा सराव बंद. वहिनीला घाबरवू नकोस.

माया आहेच, ती रागावल्यावरही राहू दे.
तुझी, बेबी

५ मार्च

चि. बेबीस, अनेक आशीर्वाद.

घाबरवू नकोस म्हणे! तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीने जेवण सोडलंय. पंचवीस वर्षं डोळे बघतेस, तुला दिसलं नाही ते त्या डबड्याला दिसलं? मुलांचा पडदा चकाकतो आणि त्या चकाकीला मशीन फसतं, हे तूच मला सांगितलं होतंस. माझ्या सुतारकामातही मशीनने मापं चुकवलेली आहेत. लाकूड वाया गेलं तर दुसरं आणता येतं, पोरीचा डोळा कुठून आणू?

शनिवारी शाळेच्या स्पर्धा आहेत. वर्षभर तिने त्यासाठी घाम गाळलाय. तिला उडी मारू देणार आहे. नंतर बघू.

रागात लिहिलंय, पण जीव तुझ्यावरच आहे.
दादा

६ मार्च

ती. दादास, सा. न.

हे पत्र माणसाबरोबर पाठवतेय. तुझी शंका रास्त आहे. आधीचं मशीन चकाकीला फसायचंच, म्हणून तर आम्ही त्याला हजारो मुलांचे फोटो दाखवले. तरी मी त्याच्यावरच विसंबले नाही. ठकीचं नाव झाकून तो फोटो आमच्या विभागातल्या वरिष्ठ, खडूस डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी त्याच जागी बोट ठेवलं आणि हा फोटो पास कुणी केला, असं विचारलं. मी माझंच नाव सांगितलं.

दादा, मी तो फोटो आत्या म्हणून बघितला. मला ठीकच दिसायला हवं होतं, म्हणून ठीक दिसलं. मशीनला ठकी कोण ते माहीत नाही. त्या दिवशी तेवढ्यानेच ते माझ्यापेक्षा बरं ठरलं. भोकातून पाणी पडद्यामागे शिरलं तर पडदा सुटतो, आणि मग मोठं ऑपरेशन करूनही नजर पूर्ण येईलच असं नाही. पाया पडते, शनिवारी मैदानावर नको, इकडे ये.

बेबी

१५ मार्च

चि. बेबीस, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. ठकीने वाटेत चार वेळा विचारलं की तिला परत उडी कधी मारता येणार. खडूस डॉक्टर पुढच्या तपासणीत बघू म्हणाले, हे तिला पटलेलं नाही. स्पर्धा हुकल्याचा राग माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. तुझी वहिनी पोटभर जेवली.

भोकाशी पाणी साचायला लागलं होतं, हे डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. आणखी आठवडाभर मी हट्ट धरला असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. मी डबडं म्हणालो ते मागे घेतो.

डॉक्टर लेझरने भोकाची कड चिकटवत होते तेव्हा तू आत थांबली नाहीस. बाहेर भिंतीला टेकून उभी होतीस. एवढी मोठी डॉक्टर, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी उभी होतीस तशीच उभी. म्हणून थोरला भाऊ म्हणून सांगतो, ते ऐकायचं. ठकीचे फोटो यापुढे तू बघायचे नाहीत. ते मशीन बघेल, खडूस बघतील. तू तिचा हात धरून बस.

घरच्या सगळ्यांची तुला आठवण, आणि माझा लोभ नेहमीपेक्षा जरा जास्तच.
दादा