ताईची किडनी रुळली

मुंबई

तीर्थरूप मथुराताईस,

मुकुंदाचा नमस्कार; साष्टांग मात्र टाके सुकल्यावर.

आधी गाऱ्हाणं ऐक. इथे दही, ताक, कोशिंबीर सगळं बंद. सोलकढी म्हटलं तर सिस्टर अशा बघतात, जणू मी विषच मागितलं.

तुझी किडनी मजेत आहे. डॉक्टर म्हणाले, "बहिणीची, लगेच रुळली." रुळणारच! सासरीही तू आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतंस. माझ्या शरीराला मात्र 'अतिथिदेवो भव' कुणी शिकवलेलं नाही. परकं दिसलं की हाकलायला धावतं. म्हणून औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली आहे. आता कुणाची साधी सर्दीही मला जड जाईल, तेव्हा भाऊजींना इतक्यात पाठवू नकोस.

शेजारच्या खाटेवरचे रावजी विचारत होते, "बहीण लगेच तयार झाली?" मी छाती काढून सांगितलं, "आंजर्ल्याची आहे. 'कधी येऊ?' एवढंच विचारलंन."

मला बघायला इथे पुष्कळ माणसं आहेत. पण तुझी सानवी फोनवर म्हणाली, "मामा, आईचे पाय सुजतात. तुला सांगू नको म्हणते." ताई, पत्र मिळताच दापोलीला जाऊन तपासून घे. तुझ्याकडे आता एकच किडनी उरली आहे, आणि मला काळजी तिचीच वाटते.

तुझा,
मुकुंदा