फोल्डरवरची वेलांटी

प्रिय अतिशहाण्या,

सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. तुझ्यामुळे माझं डोकं तापलंय. गेल्या वेळी घाईघाईत आलास, आईचा जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवलास आणि ती त्यावर काय चालवते हे एकदाही न बघता बॅग उचलून चालता झालास. वर फोनवर विचारतोस, नवा मस्त आहे ना? मस्तच आहे. फक्त तिचा आगगाडीचा खेळ त्यावर उघडेना. क्लिक केलं की पडदा काळा व्हायचा आणि क्षणात खेळ गायब.

तो खेळ तिला काय आहे, हे तुला मी सांगायचं? शाळेत असताना तूच तो आणलास, तूच तिला रूळ टाकायला शिकवलंस. बाबा गेल्यावर ती कुणाशी धड बोलेना, तेव्हा दुपारची त्या खेळापुढे बसायला लागली. स्टेशनांना घरातल्या सगळ्यांची नावं दिली. तुझ्या नावाचं स्टेशन सगळ्यात लांब, आणि सगळ्यात जास्त गाड्या तिथंच सोडते. खेळ बंद पडल्यावर दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

मी काय काय करून पाहिलं! खेळ काढून पुन्हा घातला, नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं, दुकानातल्या माणसाला बोलावलं. तो म्हणे, नवा खेळ घ्या. मीही हट्टाला पेटले आणि शेवटी तुझा पराक्रम सापडला. कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडताना तू लाडात येऊन मराठीत 'माझी आई' असं नाव टाकलंस. तुझ्या एकट्याचीच ना ती! खेळ आपलं सगळं त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायला जातो, आणि त्या म्हाताऱ्या खेळाला इंग्रजीशिवाय अक्षर वाचता येत नाही. तुझ्या वेलांटीला अडखळून तो दर वेळी तोंडावर आपटत होता. प्रेम दाखवायचं तर घरी येऊन दाखव की रे, फोल्डरवर कसलं दाखवतोस!

मी इंग्रजी अक्षरांत नाव टाकून दुसरं खातं उघडलं, तिची जुनी स्टेशनं त्यात आणून ठेवली. खेळ सुरू! शिट्टी वाजली, गाड्या धावल्या. मला वाटलं, आई उड्याच मारेल. तिनं एक गाडी तुझ्या स्टेशनात शिरेपर्यंत पाहिली आणि कॉम्प्युटर बंद करायला लावला. वर मला बजावलं, त्याला यातलं काही कळवायचं नाही. बिघडलाय, कुणाला जमत नाही, तूच ये, एवढंच लिही.

आधी मी तिच्यावर चिडले, मग तुझ्यावर. पोटच्या पोराला घरी बोलवायला त्या बाईला बिघाड लागतो, जरा लाज वाटू दे. म्हणून तिचा शब्द मोडून लिहितेय. खेळ चालू झालाय. दुरुस्तीला तुझी काही गरज नाही. आता बिनकामाचा ये.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई