लिंडेनथालच्या उत्सवाचं खरं कारण

तीर्थरूप एल्फ्रीडाआत्यास,

व्हर्लिनचा, गुडघे वाकतील तेवढं वाकून, नमस्कार. तिकडे ॲरिझोनात तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, तेव्हा हे पत्र तू स्वतःच वाचशील. (मुलीला वाचायला दिलंस तर शेवट झाकून दे.) इकडे मिझुरीत आम्ही सगळे खुशाल, फक्त माझी अब्रू जरा नरम आहे.

झालं असं, की यंदा उत्सवाच्या मैदानात एक दगड बसवायचा आणि उत्सव का सुरू झाला ते त्यावर कोरायचं ठरलं. समितीच्या अध्यक्षा आपल्या बेकरीवाल्या बर्निस श्लॉटमन. त्यांच्या मते जर्मनीहून आलेल्या पूर्वजांनी पहिलं पीक काढून देवाचे आभार मानले, तोच हा उत्सव. पास्टर म्हणाले, ल्युथरन आणि कॅथलिक एका बाकावर बसावेत म्हणून. बिअरवाल्याचं मत तुला माहीतच आहे. शेवटी उद्घाटनाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं, कारण आपलं खाटिकखान्याचं घराणं, आणि मला खरं कारण माहीत होतं.

मी बाबांची चामड्याची आखूड विजार चढवून उभा राहिलो. पहिल्याच वाक्याला दोन बटणं उडाली, त्यामुळे पुढचं भाषण एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात विजार धरून केलं. सांगून टाकलं, की मी पाळण्यात असताना, ऐन सप्टेंबरच्या उकाड्यात आजोबांची शीतखोली बंद पडली, सॉसेजं नासायला लागली, म्हणून त्यांनी अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. बाकी काही नाही.

मंडप हसला. बर्निसबाई मात्र लालबुंद. "मग दगडावर काय कोरू, व्हर्लिन? 'सॉसेजं नासत होती'?"

तेवढ्यात बँडमधल्या म्हाताऱ्या लिओ वीबर्गने आपला भलामोठा पितळी ट्यूबा खाली ठेवला. (तो ट्यूबा खाली ठेवतो म्हणजे काहीतरी गंभीर असतं.)

"नासत होती हे खरंय," तो म्हणाला. "माझ्या ताटातली तर नासलेलीच होती. पण लोक खाऊन घरी का गेले नाहीत, ते विचार की!"

मग त्याने सांगितलं. आजी तव्यापाशी उभी होती आणि सॉसेजं परतता परतता जर्मनमध्ये गायला लागली. पहिल्या महायुद्धात शाळेतलं जर्मन बंद झालं, रस्त्यात बोललं तरी लोक शेरीफला सांगायचे. तेव्हापासून ती फक्त गाईंशी जर्मन बोलायची. ती गायला लागली तसे सगळे आधी रस्त्याकडे बघायला लागले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. मग लिओच्या वडिलांनी सूर धरला आणि मग सगळ्यांनीच.

"पुढच्या वर्षी शीतखोली धडधाकट होती," लिओ म्हणाला. "तरी आम्ही आलोच."

आत्या, हे बाबांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. बर्निसबाईंनी एप्रनने डोळे पुसले आणि विचारलं, "गाणं कोणतं होतं?" लिओला शब्द आठवेनात, म्हणून त्याने सूर वाजवून दाखवला. पण ट्यूबावर कुठलंही गाणं रेडा रेकल्यासारखंच लागतं. आता आपल्या गावात जर्मन येतं कुणाला? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आजी माझी, म्हणून मी ठासून सांगितलं, "स्तोत्र होतं."

बाकी उत्सव छान झाला. प्रकृतीला जप.

तुझा भाचा,
व्हर्लिन होल्शर

ता. क. तू त्या दिवशी आजीच्या शेजारी बटाटे सोलत होतीस म्हणे. गाण्याची पहिली ओळ कळव. बर्निसबाईंना दगडावर तीच कोरायची आहे.

आणखी एक ता. क. स्तोत्र असेल तर सरळ बर्निसबाईंना लिही. पण ते पाद्री आणि गवळणीचं असेल, जे बाबा गुणगुणले की तू त्यांना स्वयंपाकघरातून हाकलायचीस, तर लिहू नकोस, मला एकट्याला फोन कर. लिओने तो सूर पुन्हा वाजवला, तेव्हा पास्टरांसकट सगळे टोप्या काढून उभे होते.