अर्धा सूर खाली

३ जून १९८६, मंगळवार

काढलं मला! चौदा वर्षं — आणि फोनवर!

शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी येते न येते तोच डगीचा फोन. हा बँड आम्ही दोघांनी उभा केला. तो गातो, मी सॅक्सोफोन वाजवते. म्हणाला, "न्यूकॅसलच्या मोठ्या हॉलचं ठरलंय, एकवीस तारखेला. पण मॅनेजर म्हणतोय, सॅक्सोफोन आता मशीनवर होतो."

"आणि तू काय म्हणालास?"

म्हणे, "मी काय म्हणणार, अ‍ॅव्हरिल?"

फोन मी आपटला. त्याच्या आधी मी!

४ जून

मशीन म्हणजे काय ते कळलं. ज्युलियन नावाचा नवा कीबोर्डवाला आलाय. आमच्या रेकॉर्डवरचा माझा सॅक्सोफोनचा तुकडा त्याने कीबोर्डला जोडलेल्या मशीनच्या पेटीत भरून घेतलाय. बोट दाबलं की मी वाजते! माझाच श्वास वापरायचा आणि मला घरी बसवायचं. शरम नाही मेल्यांना.

बाबा चाळीस वर्षं खाणकामगारांच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट, वाजवत होते. म्हणाले, "आमच्यात कुणी कुणाला काढत नसे. मेलास तरच सुटायचास."

मी काय मेलेली नाही.

७ जून, शनिवार

कामगार क्लबात गेले. सेक्रेटरीला म्हटलं, आज दुपारी मी एकटी वाजवणार. "एकटी? आणि गाणार कोण?" कुणी नाही! बघू कोण अडवतंय.

तिसऱ्या गाण्याच्या मध्येच याने घंटा बडवली. "वाद्य बंद! बिंगो!" इथे बिंगोच्या त्या आकड्यांच्या खेळापुढे देवाचंही चालत नाही, ठाऊक आहे मला. तरी स्टेजवरून उतरले नाही. त्याने आकडा पुकारला, "बावीस, दोन बदकं!" या आकड्याला लोकांनी नेहमीसारखं क्वॅक क्वॅक करायच्या आत मीच सॅक्सोफोनवर दोनदा केलं. हॉल खो खो हसला. सेक्रेटरी लालबुंद. पुढच्या शनिवारीही ये म्हणाला, पण तोंड वाकडं करूनच.

११ जून

रोज खिडक्या सताड उघड्या टाकून तोच तुकडा वाजवते. नाकावर टिच्चून. शेजारीण भिंत ठोकते, ठोकू दे.

पण पट्टी महाभयंकर! गिटारवाल्यांना ती सोपी, माझ्या बोटांना मात्र गाठी पडतात. चौदा वर्षं डगीच्या मागे लागले होते — गाणं फक्त अर्धा सूर खाली घे, माझी बोटं मोकळी होतील. दरवेळी एकच उत्तर, "फुंकणीबाई, गाणं आहे तिथेच राहणार." कारण शेवटचा तो उंच सूर त्याला मिरवायचा असतो ना!

आज तीस वेळा वाजवलं. खालचा ओठ सोललाय.

१५ जून

बाजारात डगी दिसला. जूनमध्ये गळ्याला मफलर! मी रस्ता बदलला नाही. त्याने बदलला.

१८ जून

आमच्या बँडचा गिटारवाला, रे नावाचा, दारात. टोपी हातात, चेहरा पडलेला.

डगीचा घसा बसलाय म्हणे. उंच सूर फुटतो. अर्धा सूर खाली घ्या, नाहीतर गाणारच नाही म्हणून अडून बसलाय. गिटारच्या तारा सैल करून झालं. पण ज्युलियनच्या पेटीत सूर खाली आणला की रेकॉर्डिंगही रेंगाळतं! "आजारी गायीसारखं हंबरतं गं," रे म्हणाला. चार दिवस खटपट चाललीय. काही उपयोग नाही.

इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. नुसतं हसण्याचंच नव्हतं ते, खरं सांगायचं तर.

"येतेस का?"

"हॉलबाहेरच्या फलकावर माझं नाव हवं. आणि विचारायला मॅनेजरने स्वतः यायचं. इथे, दारात."

१९ जून

मॅनेजर आला! "प्लीज" म्हणाला. बाबा आतून ओरडले, "काय म्हणतोय? ऐकू येत नाही!" पुन्हा म्हणायला लावलं. बाबांना सगळं ऐकू येतं.

२२ जून, रविवार

वाजवलं! काल वाजवलं तसं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. अर्धा सूर खाली — बोटं नुसती पळत होती! चौदा वर्षं ज्या जागी अडखळायचे तिथे हसत गेले. लोक उभे राहिले. ज्युलियनसुद्धा.

डगीकडे बघितलं नाही. तो "फुंकणीबाई" म्हणून हाक मारत होता, मी सॅक्सोफोन पुसत बसले. "मी काय म्हणणार" म्हणे! त्याचा घसा बसला म्हणून मी परत आले, त्याच्या मैत्रीमुळे नाही. बसला ते बरंच झालं. देवाने चांगली अद्दल घडवली.

२९ जून, रविवार

बाबांनी कबुतरखान्यातलं खत पोत्यात भरून दिलं, डगीच्या मळ्यात टाकून ये म्हणाले. यंदा लीकच्या, म्हणजे त्या जाडजूड पातीच्या कांद्यांच्या, प्रदर्शनात पहिला नंबर काढायचाय त्याला. जायचं नव्हतं. गेले.

डगी पाठमोरा. गळ्याला मफलर नाही. वाफ्याला पाणी घालताना गात होता. आमचंच गाणं, जुन्याच पट्टीत. शेवटचा उंच सूर त्याने आरामात घेतला, वर खुशाल लांबवलाही. घशाला काही म्हणजे काही झालेलं नाही, तेव्हाही नव्हतं — मशीनला जमणार नाही तेच त्याने मागितलं होतं.

हाक मारली नाही. पोतं कुंपणाशी ठेवलं आणि रडत घरी आले.