मधली कोरी जागा

प्रिय काल्देनदाजू,

बटाट्याला फुलं आली आहेत. खालच्या वाफ्याची खुरपणी यांगजीवहिनीनं एकटीनं उरकली. मी गेलो होतो मदतीला, पण माझ्या हाताला कुंचल्याशिवाय काही धरता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तणाबरोबर चार रोपंही उपटली, तेव्हा तिनं मला बांधावर बसवलं आणि म्हणाली, “तू देवच काढ बाबा, बटाटे आम्हांला राहू दे.” तू असतास तर हा किस्सा नामचेच्या बाजारापर्यंत पोचवला असतास. रोज दुपारी दरीतून धुकं वर येतं आणि घरात शिरतं. लावलेला रंग वाळता वाळत नाही. आमाचे गुडघे धरले आहेत, तरी सकाळी गोम्पाला जाऊन दिवे लावल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. घरची हालहवाल म्हणशील तर एवढीच. बाकीचं लिहायला हात धजत नाही, पण लिहायचंच म्हणून बसलो आहे.

तू डोंगरावरून उतरला नाहीस त्या दिवसापासून घराचे दोन तुकडे झाले आहेत. हेलिकॉप्टर घिरट्या घालून रिकामं परतलं, शोध थांबला, आणि आमानं तुझं नाव घेणं सोडलं. गेलेल्याचं नाव घेतलं की तो मागे वळतो, म्हणून आता तू नुसता ‘थोरला’. वहिनी मात्र मुद्दाम घेते, तेही खणखणीत. चुलीपाशी बसून अंगणातल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणते, “काल्देन आला की छपराचा पत्रा बदलून घेऊ.” रोज संध्याकाळी ती तुझं ताट वाढते, बटाटे, मिरचीची चटणी, वाटीभर शाक्पाचा रस्सा. आणि त्याच वेळी आमा परातीत निखारे घेऊन सातूच्या पिठात लोणी कालवून त्यावर टाकते, कारण गेलेल्याचं पोट धुरानं भरतं. एकाच माणसाला एकीनं ताट वाढायचं, दुसरीनं धूर द्यायचा! एकदा वहिनीनं परात उचलून अंगणात नेऊन आपटली. “जित्या माणसाला धूर काय चारताय? तो काय भूत आहे?” आमा पडलेले निखारे चिमट्यानं एकेक गोळा करत राहिली. मी खोलीच्या दारात कुंचला धरून उभा, कुणाची बाजू घ्यायची ते न कळून. असल्या वेळी तू काहीतरी वात्रटपणा करून दोघींना हसवायचास, मला तो जमत नाही.

मग दोघी एकाच आठवड्यात माझ्याकडे आल्या. आधी आमा. लामांनी पोथी बघून सांगितलं होतं की थोरल्यासाठी करुणेच्या देवाचं, चेनरेझीचं चित्र काढा, तो गेल्याचे सात आठवडे पुरे व्हायच्या आत, म्हणजे त्याची वाट सुकर होईल. दोन दिवसांनी वहिनी आली. ती उंबऱ्यावरच बसली. “उर्ग्येन, मला पांढरी तारा काढून दे. आयुष्य वाढवणारी देवी. आजारी माणसासाठी काढतात ना, तसली.” मी विचारलं, “आजारी कोण आहे?” तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून कापड चौकटीला शिवायचा सुई-दोरा शोधायला लागलो. दोघींना मी हो म्हटलं. तारा काढावी तर आमाचा मुलगा वाटेवर अडकला, चेनरेझी काढावा तर वहिनीचा नवरा माझ्याच हातानं मेला. इकडे आड, तिकडे विहीर.

तेव्हा मी लबाडी केली. लाकडी चौकटीवर एकच कापड ताणलं, सरस आणि खडूचा लेप दिला, गुळगुळीत दगडानं घोटलं, आणि मधली जागा कोरी ठेवून बाजूचंच काढत बसलो. आपल्यात आधी रेघा आखून देव बसवतात, मग भोवतालचा प्रदेश. उलटं करणाऱ्याला माझ्या गुरुजींनी पट्टीनं फोडून काढलं असतं. पण तारा आणि चेनरेझी दोघंही गोरे, दोघं मांडी घालून बसलेले, दोघांखाली तेच कमळ, तीच चंद्राची चकती. कमळ रंगवून होईपर्यंत कुणाला काय कळणार? आकाश केलं. ढग केले. पाकळ्यांच्या छटा जन्मात केल्या नव्हत्या एवढ्या नाजूक करत बसलो. वेळ मारून नेण्याइतकं सुबक काम माझ्या हातून कधी झालं नसेल.

दोघी येऊन बसायच्या, वेगवेगळ्या वेळी. वहिनी त्या पांढऱ्या जागेकडे बघत म्हणायची, “सात डोळे असतात ना तिला? कपाळावर एक, तळहातांवर, तळपायांवर?” मी हो म्हणायचो. सगळ्या बाजूचं दुःख दिसावं म्हणून असतात, हात पुढे केला तरी दिसावं, पाऊल टाकलं तरी दिसावं. “मग एका तरी डोळ्याला दिसेल तो,” ती म्हणायची, आणि त्यानंतर तिचं जेवण जरा बरं जायचं. आमाला तिथंच चार हात दिसायचे. दोन हात छातीशी जोडलेले, त्यांत मणी, तिसऱ्यात माळ, चौथ्यात कमळ. डाव्या खांद्यावर हरणाचं कातडं. “ते कातडं नीट काढ हो,” आमा बजावायची. “हरणाला फार माया असते. त्या मायेनंच थोरल्याला ओढून नेलं पाहिजे.” एकाच कोऱ्या जागेत एकीला जगणं दिसत होतं, एकीला मरणं, आणि मी पाकळ्यांना गुलाबी लावत होतो.

डोंगर मी मागच्या बाजूला नेहमीसारखेच काढले होते, हिरवे, गोल, टोकाला जराशी पांढरी टोपी. त्यावरून तू मला किती पिडायचास! “हे डोंगर आहेत की मोमो? असे डोंगर असते तर मी आमालाही पाठीवर घेऊन चढलो असतो.” तुला मी कधी बरोबर उत्तर दिलं नाही. खरे डोंगर काढायचे तर ते बघावे लागतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही. बाबा तिथं वर गेले ते परतले नाहीत, तेव्हापासून बघवत नाही. तू मात्र दर वसंतात दोर खांद्यावर टाकून निघायचास, जसा कुणी शेतावर निघतो.

सात आठवड्यांतला अर्ध्याहून जास्त काळ असा गेल्यावर फुरी आला. तुझा दोराचा जोडीदार, म्हणून वहिनीनं धावत जाऊन त्याला आत घेतलं. इस्पितळातून तो थेट इकडेच आला होता, हाताला पट्ट्या, बोटं काळी पडलेली. नशीब, आमा गोम्पात होती. चहाचा पेला त्याला धरता येईना, वहिनीनं पाजला. मग तो बोलला. शेवटच्या टप्प्याच्या खाली गिऱ्हाइकाला घेऊन त्याला उतरावं लागलं, आणि तू त्या दुसऱ्या, मागे राहिलेल्या गिऱ्हाइकासाठी थांबलास, इथवर आम्हांला ठाऊक होतं. पुढचं फुरीला दुसऱ्या एका तुकडीबरोबरच्या आपल्याच एका माणसानं रडत रडत सांगितलं होतं. तो सारखा म्हणत होता, “वहिनी, मला माफ करा, पण तुम्हांला कळायला हवं.”

सकाळी तू दोराला टेकून बसला होतास. जिवंत होतास. मास्क निघाला होता, एक हात वर केलेला होता. वर जाणारी ती तुकडी तुझ्यापाशी आली. सगळ्यांनी बघितलं. एकानं वाकून विचारलं, “ठीक आहेस ना?” तुझी मान हलली, तोच होकार त्यांनी धरला. मग एकेकानं आपली कडी दोरातून सोडवली, तुझ्या पलीकडे अडकवली आणि पाय उचलून तुला ओलांडलं. आपला माणूस थांबला होता, पण मागून हाक आली की वेळ नाही, ऑक्सिजन मोजका आहे. तोही गेला. परत येताना तिथं बर्फाचा नवा घसरलेला पट्टा होता आणि तू नव्हतास.

मला त्या आपल्या माणसाला शिव्या द्यायच्या होत्या. सगळ्यांना द्यायच्या होत्या, शिखराला हात लावून हसत उभे राहिलेल्या एकूण एकाला. पण समोर फुरीची ती बोटं होती, आणि तो बिचारा स्वतःचंच पाप असल्यासारखी माफी मागत होता. वहिनी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “हात वर केला होता?” फुरीनं मान डोलावली. “कुठला?” त्याला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमळाला उगाच रंगाचा आणखी एक हात देत होतो, तेव्हा ती आली. उंबऱ्यावर बसली नाही. चौकटीसमोर उभी राहून त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. “कधीपासून फसवतोयस दोघींना? कळत होतं रे मला. मला वाटलं, तुलाही आशा आहे.” मग म्हणाली, “दिसला होता तो. दिसण्यावाचून काही अडलं नव्हतं. बघणारे पुष्कळ झाले, उर्ग्येन. आता हात असलेला काढ.” आणि खुरपं घेऊन शेतावर गेली.

चेनरेझीच्या नावाचा अर्थच डोळ्यांनी बघत राहणारा असा आहे. मी तिला ते सांगितलं नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, देव बघतो म्हणूनच त्याचे हात हलतात. असेल. मला आता तेवढी खात्री वाटत नाही, पण मी तिच्या सांगण्यावरून हात काढले, एकेक बोट, एकेक नख. हरणाचं कातडं आमाला हवं तसं केलं. डोळे शेवटी रंगवून उघडले, आणि ते उघडताना दोनदा कुंचला खाली ठेवावा लागला. हिरवे गोल डोंगर मी पुसून टाकले. त्यांच्या जागी सपाट कुरण केलं आहे, त्यात कुठेही चढ नाही. आमा बघून म्हणाली, “डोंगर कुठं गेले रे?” मी म्हटलं, “धुक्यात.” फुरीनं सांगितलेलं तिला आम्ही सांगितलेलं नाही. झोपेत गेला, एवढंच तिला ठाऊक आहे. तूही तिच्या स्वप्नात येऊन सांगू नकोस.

आता हे पत्र का, ते. लामा रोज पोथी वाचून तुला वाट सांगत आहेत. काल वहिनीनं स्वतः निखाऱ्यांवर पीठ टाकलं, धूर वर जाईपर्यंत बसली आणि मला म्हणाली, “त्याला ती जुनी भाषा काय कळणार? पोथी सुरू झाली की घोरायचा. अजून त्याला वाटत असेल की तो दोरापाशीच बसलाय. तू लिही. आपल्या बोलीत लिही. मला नाही सांगवत.” उद्या आमा दिवे लावायला गेली की आम्ही दोघं चित्रासमोर बसून हे तुला वाचून दाखवू, आणि गेलेल्यासाठी लिहितात त्या तुझ्या नावाच्या कागदाबरोबर जाळू. तर ऐक, दाजू. तू मेला आहेस. खोटं वाटत असेल तर बर्फावर चालून बघ, पाऊल उमटणार नाही. चुलीपुढे उभा राहा, भिंतीवर सावली पडणार नाही. आता कुणाला हात दाखवायला नको, कुणासाठी थांबायला नको. तो गोरा, चार हातांचा दिसला की त्याच्याकडे जा. तू घरात येऊन हाका मारत असशील आणि कुणी ओ देत नसेल. आमा तोंड फिरवते, वहिनी दार लावून घेते, मी रंग घोटत बसतो. आम्ही रागावलेलो नाही रे. आम्हांला ऐकू येत नाही.

तुझाच,
उर्ग्येन