मापापुरता बैल

मु. पो. तेच जुनं, ता. रेणापूर
२१ मे

ती. स्व. मडिवाळप्पा दाजी यांना मृत्युंजयचे शरणू शरणार्थ.

आपला डावा गुडघा कसा आहे? उजवा बरा असल्याचं अक्काकडून कळलं. अक्काचा नवा चष्मा तिला मानवला का, म्हैस व्याली का आणि मुखेडात पाणी किती दिवसांनी सुटतं, तेही कळवावं. इकडे सगळं ठीक. आप्पांना एक्क्याऐंशीवं लागलं. अन्न जातं, झोप लागते, आणि माझं काय चुकलं ते त्यांना अजूनही चष्म्याशिवाय दिसतं. महानंदाचा तुम्हा दोघांना नमस्कार. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी एक वाक्य बोलतो आणि मग तुम्ही पाऊण तास एसटीतल्या गोष्टी सांगता. पत्रात मला मधे कोणी तोडत नाही, ही सोय मला फार उशिरा कळली.

तर विषय असा की मी पिकअप घेतोय. मागचा हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, दोन मापांत मिळतो. सात फुटी आणि नऊ फुटी. सातमध्ये एक बैल उभा राहतो आणि बाजूला थोडा कडबा मावतो. नऊ फुटीची रुंदीही जास्त, तिच्यात दोन बैल शेजारीशेजारी उभे राहून वर सोयाबीनचे चार कट्टे बसतात. तुम्ही बत्तीस वर्षं कंडक्टर होता, गाडीत काय मावतं आणि काय मावत नाही याची जाण तुमच्याइतकी घरात कोणाला नाही (माणसं, कोंबड्या, एकदा कोणाचं तरी देवघर), म्हणून सल्ला तुम्हालाच विचारतोय. खरं तर विचारण्यासारखं काही नाही. माझ्याकडे बैल एक आहे. ज्याच्याकडे एक बैल त्याने सात फुटी घ्यावी, यात वाद व्हायचं कारण नव्हतं.

पण वाद झाला, म्हणून क्रमाने सांगतो. चार वर्षांपूर्वी मी आणि चुलतभाऊ चंद्रप्पा यांची वाटणी झाली तेव्हा तुम्ही मधे बसला होता. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, तांब्याचं घंगाळ एकाला आणि त्याचं झाकण दुसऱ्याला गेलं. देवणी जोडी होती, तीही वाटली. तोंडावर काळा असलेला वानेऱ्या माझ्याकडे आला, ठिपक्यांचा शेवऱ्या त्याच्याकडे गेला. एका बैलावर औत चालत नाही, पण वाटणी चालते. मग ठरलं की कामाला दोघांना एकत्र जुंपायचं, एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. तीन वर्षं सुरळीत गेली. गेल्या मृगात ऐन पेरणीत चंद्रप्पाने काही कारण नसताना भाड्याचा ट्रॅक्टर आणला, शेवऱ्याला नेऊन आपल्या गोठ्यात बांधलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. (माणूस कधीकधी असा वागतो. मी मनाला लावून घेतलं नाही.) वर्ष झालं, जोडी एकदाही जुंपली नाही. बायका मात्र बोलतात. त्याचं बीपी मला आणि माझी मूळव्याध त्याला त्यांच्याकडूनच कळते.

गेल्या सोमवारी आप्पांना घेऊन लातूरला शोरूमला गेलो. तिथल्या मनस्विनी मॅडम फार सभ्य. त्यांनी आधी थंड पाणी दिलं आणि मग विचारलं की लोड काय असणार. मी म्हणालो, एक बैल. आप्पा म्हणाले, दोन. मॅडमनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आप्पांकडे पाहून कागदावर दीड लिहिलं असावं, असा मला संशय आहे. मी आप्पांना हळूच म्हटलं की नदीकडचा तुकडा आठ किलोमीटरवर, रस्ता चौपदरी झाल्यापासून बैल पायी नेता येत नाही, तेवढ्यापुरती गाडी हवी, आणि कोळपणी एका बैलावर होते. आप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, चप्पल खाली काढली आणि नऊ फुटीच्या हौद्यात चढले. डावीकडे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्या वानेऱ्या हाय. तू वर ये, शेवऱ्याच्या जागी हुभा ऱ्हा." दाजी, शेचाळीस वर्षांचा माणूस, दहावी फर्स्ट क्लास, ग्रामपंचायतीचा माजी सदस्य, मी लातूरच्या शोरूममध्ये काचेसमोर बैल होऊन उभा राहिलो. आप्पांनी मला दोनदा ढुशी देऊन पाहिलं. जागा पुरते, असं त्यांचं मत पडलं. मॅडमनी दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं दिली. त्यात हौद्याची मापं मिलिमीटरमध्ये होती. वानेऱ्याला मिलिमीटरमध्ये मोजायचं कसं, हे त्यांनाही सांगता येईना.

म्हणून घरी आल्यावर मी शास्त्रीय मार्ग धरला. चुन्याची फक्की घेतली, टेप लावला आणि आमच्या व चंद्रप्पाच्या घरामधल्या मोकळ्या जागेत (वाटणीत ही सामाईक राहिली, तुमच्याच सल्ल्याने) जमिनीवर दोन चौकटी आखल्या, एक सातची, एक नऊची. प्रत्येकीत बैल उभा करून बघायचं, एवढा साधा बेत. आखून झाल्यावर मी बैल सोडायला गोठ्यात गेलो आणि जरा चहा घेतला. चूक झाली ती इथे. आपल्याकडे जमिनीवर फक्की दिसली की तिचा अर्थ एकच होतो, पाया. मी चहा संपवून आलो तोवर चंद्रप्पाची बायको ओट्यावर येऊन आत गेली होती, चंद्रप्पा बाहेर आला होता आणि वीसेक माणसं चौकटींभोवती उभी होती. पंढरी गवंडी तर सायकल टेकवून हजर. त्याने नऊ फुटीला पावलांनी फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "खोली हाय का संडास? संडास असंल तर दार उगवतीला नगं." एकाने हाच सात बाय साडेचारचा न्हाणीघराचा हिशेब आपल्याकडे तीन वर्षांपूर्वी कसा फसला ते सांगितलं. मी चारचौघांना सांगत राहिलो की हा पिकअपचा हौदा आहे. कोणी विश्वास ठेवला नाही. जमिनीवर हौदा आखलेला गावाने कधी पाहिला नव्हता, सामाईक जागेत फक्की मारलेली मात्र पुष्कळ वेळा पाहिली होती.

चंद्रप्पा माझ्याशी बोलत नसल्यामुळे तो पंढरीशी बोलला. "ह्येला म्हणावं, सामाईक जागेवर पाया टाकतो का? मग माझाबी टाक. त्येवढाच टाक." आणि पंढरीने माझ्याच फक्कीचा डबा उचलून नऊ फुटीला खेटून तिसरी चौकट मारली. (डबा परत आला, फक्की आली नाही.) आता आमच्या दारात तीन पाये झाले. ग्रामसेवक संध्याकाळी गाडी थांबवून परवानगीचं विचारून गेला. मी रागाने तोंडाला येईल ते बोललो, चंद्रप्पा पंढरीकडे बघत तेवढंच बोलला. पंढरीची मान दोन्हीकडे वळून दुखली असणार.

हे सगळं ऐन रंगात असताना आप्पा गोठ्यातून वानेऱ्याला घेऊन आले. त्याला नऊ फुटीच्या चौकटीत नेलं आणि कासरा सोडून बाजूला झाले. मला वाटलं, एवढा मोठा हौदा एकट्याला मिळालाय, बैल ऐसपैस मधोमध उभा राहील. तो डावीकडे सरकला आणि फक्कीला लागून उभा राहिला. आप्पांनी त्याला मधे ढकललं, तो पुन्हा डावीकडे. सात वर्षं तो जुवाच्या डावीकडे चालला, वाटणी झाली हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. उजवीकडे एका बैलाची जागा मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेकडे मी पाहिलं, चंद्रप्पाने पाहिलं, आणि दाजी, खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. गर्दीतलं कोणीतरी "खरंच की, ह्यो हौदाच हाय" म्हणालं आणि लोक पांगायला लागले. पंढरी सर्वांत नाराज होऊन गेला.

चंद्रप्पा आत गेला तो शेवऱ्याला घेऊनच बाहेर आला. त्याला उजवीकडच्या मोकळ्या जागेत उभं केलं आणि आप्पांना (मला नाही) म्हणाला, "मापापुरता हाय. सांगून ठेवतो." दोन्ही बैल चौकटीत बरोबर बसले, शिंगाला शिंग लागलं नाही, मागे दीड हात जागा उरली. वानेऱ्याने शेवऱ्याची मान चाटायला सुरुवात केली. माप पाच मिनिटांत झालं. पण आधी आपला बैल सोडायचा कोणी? मी सोडला तर मला गरज नाही असं दिसेल, त्याने सोडला तर त्याला राग आहे असं दिसेल. कोणीच सोडला नाही. मग महानंदाने दोन्ही बैलांपुढे कडबा टाकला आणि चंद्रप्पाच्या बायकोने पाण्याची बादली ठेवली. आज पाचवा दिवस. बैल तिथेच आहेत. वर आप्पांनी ताडपत्री बांधून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर चंद्रप्पाही सांगतो आणि मीही सांगतो, माप चालू आहे.

असं आहे सगळं. गाडीच्या हौद्याबद्दल तुमचा अनुभवी सल्ला कळवावा. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून पाहा. अक्काला शरणार्थ, लहानांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
मृत्युंजय

ता. क. : सल्ला मागितला खरा, पण लातूरला त्याच दिवशी आप्पा पाणी प्यायला गेले तेव्हा मी सात फुटीचं बुकिंग करून आलो. घरात कोणाला माहीत नाही. बुकिंग बदलायचं तर येत्या शुक्रवारपर्यंत बदलता येतं, असं मॅडम म्हणाल्या. मृगाला सतरा दिवस उरलेत.

आणखी एक ता. क. : वर गेल्या मृगाचं जे लिहिलं आहे, "काही कारण नसताना" वगैरे, ते खोटं आहे. त्या दिवशी जोडीवर पाळी चंद्रप्पाची होती. ओल चांगली होती, माझी दोन एकरं राहिली होती, म्हणून मी जोडी सोडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याची पेरणी मागे पडली, तेव्हा त्याने ट्रॅक्टर आणला. तो शेताच्या धुऱ्यावर दोन वेळा येऊन उभा राहिला होता आणि मी त्याला पाहूनही औत हाकत राहिलो. वर्षभर मी हे महानंदालाही सांगितलेलं नाही. माझं चुकलं. तोंडाने म्हणायला गेलो की शब्द बाहेर येत नाही, म्हणून लिहिलं. त्याने हो म्हटलं तर मी नऊ फुटी घेतो. या वेळी पहिला दिवस त्याचा, आणि त्याचं रान आटोपेपर्यंत माझा नाही.

शेवटचं : हे पत्र पोस्टाने येणार नाही. चंद्रप्पा उद्या सकाळच्या एसटीने मुखेडच्या बाजाराला येतोय, तो तुमच्याकडे उतरेल. महानंदाने पाकीट त्याच्या बायकोकडे अक्कासाठीच्या शेंगापोळ्यांबरोबर दिलंय. पाकीट चिकटवलेलं नाही, घरातला डिंक संपला होता. चंद्रप्पा दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातला नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. पण रस्ता तीन तासांचा आहे, आणि त्याला खिडकीजवळची जागा मिळावी एवढीच इच्छा आहे.